अण्णांनी धरलेला खाडा

आमच्या गावचे अण्णा गेल्याचं कार्ड मला कराचीत मिळालं, तेव्हा त्यांचं बारावंही उलटून गेलं होतं. "छातीत कफ झाला, चार दिवसांत आटोपलं," एवढंच शेजारच्या गणूने कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं. गोदीच्या फाटकाशी कार्ड हातात धरून उभा राहिलो. पावसाळ्यात हर्णै बंदराला आगबोट लागत नाही, निघून तरी काय करणार... मनात एकच घुमत होतं, वैशाखात मी त्यांना बोललो ते.

मंडणगडाकडच्या आमच्या गावात खोताची वेठ होती. आषाढात आधी खोताचं शेत फुकट लावून द्यायचं, मग आपलं. तोवर आमची रोपं पिवळी पडत. एक दिवस कोणी गेला नाही, तर खोत खाडा धरी आणि दुसऱ्या दिवशी त्या घरातली दोन माणसं मागवी. माझी मराठी तिसरी त्यातच सुटली; बापाच्या बदली मी चिखलात. अण्णाही आमच्यासारखेच कूळ, पण त्यांना लिहिता येई. त्यांनी ग्रामदेवीसमोर सगळ्यांना नारळावर हात ठेवायला लावला, वेठीला कोणी जायचं नाही. खोताच्या माणसांनी त्यांना लोळवून मारलं. सुजलेल्या तोंडाने ते आम्हालाच म्हणाले, "माझं काय बघत बसलात? शेतं कोण लावणार?" त्या वर्षी पहिल्यांदा आमची लावणी वेळेवर झाली. पुढे मला लिहा-वाचायला त्यांनीच शिकवलं, कराचीच्या मुकादमाला चिठ्ठीही त्यांनीच दिली. आज मी दोन वेळ जेवतो तो त्या चिठ्ठीवर.

मग अण्णांचं दापोली-रत्नागिरी सुरू झालं. सभा, अर्ज, कचेऱ्या. त्यांचं स्वतःचं शेत मागे पडू लागलं. कराचीला जाण्याआधीच्या आषाढात "यंदा अण्णांचं आधी लावू" म्हणणारा पहिला माणूस मी. सगळे हौसेने आले. अण्णा कसनुसे झाले, "अरे, कशाला," म्हणाले. दुसऱ्या वर्षी "कशाला" म्हणाले नाहीत... पुढे ते लोकल बोर्डावर निवडून आले, पडवीत खुर्ची आली, लावणीचा दिवस तेच ठरवू लागले. हे सगळं मला पत्रांतून कळत होतं आणि त्यात काही खटकलं नाही, हे कबूल करायला हवं.

गेल्या वैशाखात घरी गेलो तेव्हा गणू म्हणाला, "गेल्या साली बायको बाळंत होती रे, एक दिस नाय गेलो अण्णांकडे. दुसऱ्या दिवशी निरोप, दोन माणसं घेऊन ये." हसत सांगत होता, त्याचीच मला भीती वाटली. तसाच अण्णांकडे गेलो.

"गणूला निरोप धाडलात?"

"खाडा झाला होता त्याचा."

"अण्णा, खाडा खोत धरायचा."

अण्णांची बायको, आमची काकी, चहा घेऊन दारातच थांबली. "कराचीचं पाणी चढलंय तुला," अण्णा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मी चहा न घेता निघालो. त्या घरातून तसा कधी निघालो नव्हतो.

कराचीहून तीन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

आगबोटी सुरू झाल्यावर गावी गेलो. काकीने सांगितलं, आषाढात माणसं नेहमीसारखी जमली, तर अण्णांनी सगळ्यांना बांधावरूनच परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. साठी ओलांडलेला माणूस, एकटा, भर पावसात वाकलेला. तिसऱ्या दिवशी ताप भरला.

"माझं नाव काढलं का गं कधी?"

"नाय रे बाबा," काकी म्हणाली. "कोणाचंच नाय."

तिच्याबरोबर शेतावर गेलो. एका कोपऱ्यात तेवढं भात उभं होतं. कुठे दाट, कुठे विरळ; इतक्या वर्षांत हात लावणी विसरले होते. बाकी सगळं तण. माझ्या बोलण्याने अण्णा भानावर आले, की माझ्या बोलण्याने मेले... त्या भाताकडे कितीही बघितलं तरी कळेना. निदान तण तरी उपटावं म्हणून धोतर खोचलं, एक पाय खाली टाकला.

"राहू दे," मागून काकी म्हणाली. "त्यांनी कोणाला बोलावलं नव्हतं."

मी पाय मागे घेतला.