कायमची नोंद

आळे गावचे सावळाराम माझे शेजारी, घरालाही आणि रानालाही. आमच्या दोघांच्या रानांमधला बांध ते गेली वीस वर्षं दर नांगरटीला चार बोटं माझ्याकडे सरकवतात. विचारलं तर म्हणतात, "बैलं वढतात, राव." बैल विकून ट्रॅक्टर घेतला, त्याला दहा वर्षं झाली.

त्यांची नात श्रेया रविवारी सकाळी ब्लॉकचेनच्या कामाला लागणारं फंक्शनल प्रोग्रॅमिंग ऑनलाइन शिकते. स्क्रीनवर ओतूर-मंचरची सहा-सात पोरं आणि श्रेयाच्या मागे खुर्ची टाकून सावळाराम. सरांनी सांगितलं, यात एकदा ठरवलेलं मूल्य पुन्हा बदलायचं नाही, आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या वहीत, चढलेली नोंद कुणालाच खोडता येत नाही. सावळाराम इतके खूश झाले की आठवडाभर आळेफाट्यावर चहा पिणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे समजावलं. मलाही समजावलं, तेही डोळ्याला डोळा भिडवून. "लई भारी हाय. आता जमिनीत कुनाला लबाडी करता येनार न्हाई."

परवाच्या रविवारी जमिनीच्या नोंदीचा प्रोग्रॅम लिहायचा होता. श्रेयाने उदाहरणाला घरचंच रान घेतलं. नोंदीला शेजाऱ्याची संमती लागते म्हणून मलाही बोलावलं.

"आबा, बांध कुठं धरू?" तिने विचारलं.

सावळारामांनी खुर्ची स्क्रीनजवळ ओढली.

"हे कायमचं ऱ्हातं ना?"

"कायमचं."

"मंग थांब जरा. येवढी नांगरट उरकू दे."