कूड परत आला, देवी नाही

मी भुताखेताला मानणारी बाई नाही. अंगात येणं, करणी... गावात कोणी असलं काढलं की मी उठून जाते. चारचौघांत बोलायचीही मला लाज वाटते. म्हणून हे नुसतं लिहून ठेवते.

आमचं घर पोशेऱ्यात, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेल्या कुडाचं. दादाच्या लग्नाला आईनं आणि सवाशिणींनी आतल्या खोलीच्या गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं चौक लिहिला होता. मधे देवी, बाजूला नाचणारी माणसं. आमच्यात चौक कोणी हलवत नाही. तो घरातच झिजून जाऊ द्यायचा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आईला जव्हारला कोविड सेंटरमध्ये नेलं आणि आम्हाला शाळेत विलगीकरणात ठेवलं. आई तिथंच गेली. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. घरी आलो तर आतली खोली उघडी पडलेली. चौकाचा कूड करवतीनं कापून नेला होता आणि त्या जागी रेशनची दोन पोती ठेवली होती. रेशन वाटणाऱ्या जव्हारच्या शेठचं काम.

लॉकडाऊन सुटल्यावर कळलं की शेठनं जव्हारात चित्रांचं संग्रहालय काढलंय. मी आणि वहिनी जीपनं गेलो. दारात शेठनंच कपाळावर ताप मोजायचं मशीन धरलं, हातावर सॅनिटायझर ओतलं. आत आमच्याशिवाय कोणी नव्हतं.

आमचा कूड काचेच्या पेटीत होता, कुलूप लावून. खाली पाटीवर चित्रकार म्हणून शेठचं नाव.

वहिनी म्हणाली, "शेठ, हा कूड आमचा. माझ्या लग्नाचा."

"रेशन खाल्लंत ना? मग झालं. आणि अंतर ठेवा, काचेला हात नको."

"निदान आईचं नाव तरी लिहा," मी म्हटलं. मास्कमधून माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

तो हसला. "तुझ्या आईला कोण ओळखतं?"

"तुला तरी कोण वळखतं रं?" वहिनी म्हणाली. "चार पोती वाटली नि चितारी झाला."

मी काचेपुढं उभी राहून मनात म्हटलं – आई, तू इथं राहू नको. याच्या घरी जा. हा जेवेल तिथं जा, निजेल तिथं जा. याला सुखानं बसू देऊ नको.

आम्ही वळलो, तेवढ्यात वहिनीनं माझा दंड धरला. "अगं... देवी कुठंय?"

चौकाची नक्षी तशीच. नाचणारी माणसं तशीच. मधे मात्र नुसता लाल गेरू. पेटीच्या तळाला पिठाचा कणही नव्हता. कुलपाची किल्ली शेठच्याच कमरेला होती. तो आमच्यावर ओरडला आणि मधेच कमरेची किल्ली चाचपायला लागला.

भातलावणी चालू असताना शेठ पिकअपमध्ये कूड घालून आमच्या दारात आला. गालफडं बसलेली. नवी पाटीही आणली होती, तिच्यावर आईचं नाव – बुधीबाई, पोशेरा.

"माझ्या घरात भिंतीवर येते," तो म्हणाला. "आधी जेवायच्या खोलीत आली. रंग मारला, तर झोपायच्या खोलीत. बायको पोरं घेऊन माहेरी गेली. मी जेवायला बसलो की समोर तीच... ताई, हिला परत बोलवा."

"अंतर ठेवा शेठ," वहिनी म्हणाली.

तो माझ्याकडे बघत राहिला. बोलवलं असतं तर ती आली असती, असं मला आतून वाटत होतं. शब्द ओठांवर आले होते. मागं दादा कापलेल्या जागेवरचं ताडपत्रीचं टोक बांधत होता, पाणी आत येत होतं.

मी म्हटलं, "शेठ, मला असलं काही येत नाही. मी चौथी शिकलेली बाई."

कूड आता जागेवर आहे, मधली जागा अजून लालच. पीठ झडलं असेल, असं दादा म्हणतो. बंद काचेत झडलं तर गेलं कुठं, ते त्यालाही सांगता येत नाही. शेठनं दोनदा घर बदललं म्हणतात. नव्या घरातही तो भिंतीकडे पाठ करून जेवतो.

मी अजून तिला बोलवलेलं नाही.