दुकानात पंखे, स्वयंपाकघरात पुठ्ठा

कुमुदताई, आठवतं का... नवतप्यातली, मेअखेरच्या त्या नऊ भाजून काढणाऱ्या दिवसांतली दुपार, सगळ्यांची जेवणं आटोपलेली, आणि आपण दोघी पितळी परातीत पाणी ओतून त्यात पाय बुडवून बसलेल्या. तुमच्या हातात पुठ्ठा. चार वेळा स्वतःला वारा, चार वेळा मला... कधी चुकून पाच नाही.

कुमुदताई माझ्या मोठ्या जाऊबाई. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. हिंगणघाटला आमचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं आणि मागे घर.

दुकानात छताला ओळीने पंखे टांगलेले. गिऱ्हाइकाला दाखवायला त्यातले दोन-तीन दिवसभर फिरत असायचे. स्वयंपाकघरात मात्र एकही नाही... का, तर वाऱ्याने गॅसची आच उडते आणि सिलेंडर लवकर संपतं. ताईंच्या हातातला पुठ्ठा पंख्याच्या रिकाम्या खोक्याचा होता. त्यावर निळ्या रंगात छापलेला, तीन पात्यांचा छान पंखा.

हे सगळं परवा उसळून वर आलं. ताईंच्या मुलाने, म्हणजे माझ्या लाडक्या पुतण्याने, प्रशांतने, 'माझ्या आईच्या काटकसरीच्या टिप्स' अशी पोस्ट टाकली.

सुरुवातीला वाचताना डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. संत्र्याची सालं वाळवून, दळून अंगाला लावायची. साबणाच्या उरलेल्या चिपा जुन्या मोज्यात भरायच्या, की झाली भांडी घासायची सोय. कुकरला वरण लावलं की वरच्या डब्यात उद्याचे बटाटे. खोक्यांना बांधून येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या तर ताई अशा टोपल्या विणायच्या, की गल्लीतल्या बायका मागून न्यायच्या.

मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली, शाळेत शिवणकामात पहिली. पण माझी पहिली टोपली पार एका बाजूला कलली. ताई म्हणाल्या, "शैला, हे टोपली हाय का गिरडची टेकडी चढून राह्यली?" आम्ही दोघी हसून हसून दमलो होतो.

...आणि मग शेवटची टीप. 'स्वयंपाकघरात पंखा लावू नका, गॅस वाचतो. आमच्या आईला आयुष्यात कधी पंखा लागला नाही.' खाली जोडलेल्या हातांची रांग.

लागला नाही? प्रशांत, दिला नाही.

तू तेव्हा शाळेत होतास. एका मे महिन्यात बारा जणांच्या पोळ्या लाटता लाटता तुझ्या आईला घेरी आली. मी तिला भिंतीला टेकवून बसवलं, तोंडावर पाणी मारलं आणि सरळ दुकानातून एक टेबलफॅन उचलून आणला. दहा मिनिटं... फक्त दहा मिनिटं त्या स्वयंपाकघरात वारा आला.

मग तुझे बाबा आले. ओरडले नाहीत. बटण बंद केलं, "आच उडते," म्हणाले, आणि विकायचा माल आहे म्हणून फॅन पुसून परत नेला. नंतर पुढच्या खोलीत कूलरसमोर बसून जेवले... त्याच पोळ्या.

राग त्यांच्यावर आहे तितकाच माझ्यावरही आहे. एवढं शिकलेली मी, तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढच्याच वर्षी ह्यांना वर्ध्याला नोकरी लागली आणि नव्या घरात मी सगळ्यात आधी काय लावलं असेल, तर स्वयंपाकघरात पंखा. ताई तिथेच राहिल्या.

निघताना त्यांनी एका टोपलीत लोणच्याची बरणी दिली, वर तो पुठ्ठा. "बसमधी लागन. ठेवजो," म्हणाल्या.

काटकसर सगळ्यांनी मिळून करायची असते. एकीनेच घामाने निथळायचं आणि बाकीच्यांनी कूलरसमोर बसून तिचं कौतुक करायचं, याला मी वेगळं नाव दिलं असतं... पण माझी ही पोस्ट ताई वाचणार आहेत.

काल त्यांना फोन केला. आधी मलाच दटावलं. "जाऊ दे वो, लेकरू कौतुक करून राह्यलं. तू काऊन भांडतं?" मी विचारलं, ताई, खरंच गरम व्हायचं नाही?

मग म्हणाल्या, "गरम? तव्यावर पोळी हाय का मी, तेच समजत नोतं मले." हसल्या. आणि हळूच म्हणाल्या, "आताही नाई ना पंखा. नव्या घरात सैपाकघरात पॉइंटच नाई काढला. मले सवय हाय म्हणते प्रशांत."

सत्तरी ओलांडलेली बाई. सून शाळेत शिकवते, म्हणून सकाळचा स्वयंपाक अजून यांच्याकडे. आणि यंदाचा नवतपा अजून यायचाच आहे.

तर आता सगळ्यांनी नीट वाचा.

भिंतीवरचा पंखा मी इथून घेतला आहे, तुमच्या दुकानातला नको. शनिवारी इलेक्ट्रिशियनला घेऊन येते. पंखा ताईंचा. बटण त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर, आणि ते दुसऱ्या कुणी बंद करायचं नाही. आच उडाली तर उडू दे.

दळलेल्या संत्र्याच्या सालांची बरणी आणते, ती सूनबाईला.

टेकडी चढणारी टोपली माझी. ती कुणालाही मिळणार नाही.

आणि पुठ्ठा, प्रशांत, तुला. इतकी वर्षं जपून ठेवलाय, निळा पंखा अजून पुसला नाही. रविवारी बारा जणांच्या पोळ्या तू लाट... पंखा न लावता. घाम आला तर पुठ्ठा आहेच. मग ती शेवटची टीप पुन्हा लिही.