रुख्माबाईच्या नकला

रुख्मा मेंढे समोर असली की माणसाने आपलं तोंड सांभाळावं, कारण दुसऱ्या दिवशी तेच तोंड तिच्या चेहऱ्यावर दिसतं. ग्रामसेवक सही करण्याआधी पेन कसा झटकतो, सरपंच खोटं बोलताना कान कसा खाजवतो, मी म्हणजे गावच्या शाळेचा मास्तर चिडलो की चष्मा कसा वर सरकवतो, सगळं तिला येतं. माझी नक्कल तिने माझ्यासमोरच केली होती. मी घरी येऊन आरशात पाहिलं, तर बाई बरोबर होती. मग मला जास्तच राग आला.

पण तिचा धंदा नकलांचा नाही. धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या अलीकडे आमचं गाव आणि गावात धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, करणारी सतरा बायांची टोळी. रुख्मा त्या टोळीची म्होरकी. आषाढात या सतरा जणी बांधीच्या, म्हणजे भातखाचराच्या, चिखलात वाकलेल्या असतात आणि रुख्माचं तोंड सुरू असतं. हसणाऱ्या बाईला कंबर आठवत नाही, असं तिचं म्हणणं. मला ते पटतं, कारण तिच्या टोळीइतकी भराभर रोवणी दुसरी कोणतीच टोळी करत नाही.

गेल्या आषाढात घात झाला. लक्ष्मीचंद रहांगडाले हे आमच्या गावातले पवार समाजाचे मोठे शेतकरी. त्यांच्याच बांधीत काम चाललं होतं. रोवणाऱ्या बाया एकेक पाऊल मागे सरकत रोवतात, त्यामुळे पाठीमागे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोण येऊन उभं राहिलंय ते त्यांना दिसत नाही. रुख्माने पदर खोचला, हवेतली छत्री डोक्यावर धरली, मग ती लक्ष्मीचंदभाऊंसारखी पोट पुढे काढून खाकरली आणि ओरडली, "ए बाई! हात चालव, तोंड नोको चालवू!" मग तिने रिकामी मूठ फोनसारखी कानाला लावली, "हलो, हलो, आवाज नाई येऊन राहिला!" सोळा जणी हसल्या. सतरावा आवाज मागून आला, तो खऱ्या छत्रीखालून.

"बस हो गया," भाऊ म्हणाले. राग आला की ते हिंदीत जातात. "उद्यापासून माया बांधीत पाय नोको ठेवू."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरमधून बाहेरगावची टोळी उतरली. भाऊंचं पाहून त्यांच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, इतरांनीही तेच केलं. आमच्या बाया ऑटोत कोंबून दूरदूरच्या गावांत जाऊ लागल्या आणि निम्मे दिवस घरीच बसल्या. भाऊंचा टोला आणि रोवणाऱ्या बायांचा टोला, दोन्हींचं बोलणं बंद झालं. किराणा दुकानातसुद्धा एक टोला गेल्यावर दुसरा यायचा. सोळा जणींनी रुख्माला सांगून पाहिलं, जा, हात जोड, पुढच्या सालचं काम तरी वाचव. रुख्मा म्हणाली, "मी चोरी केली का?" आणि गेली नाही. पण तिने नकला करणं सोडलं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. एवढी बोलकी बाई गप्प झाली की गाव आजारी पडल्यासारखं वाटतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत भर दुपारी दंडार होते. नाच, गाणी, सोंगं, सगळं तिच्यात असतं. आमच्या दंडारीत मी पेटी वाजवतो, सोंगांचे संवादही लिहितो आणि लक्ष्मीचंदभाऊ वीस वर्षं राजा होतात. यंदा मी रुख्माला दंडारीत घ्यायचं ठरवलं. आजवर आमच्याकडे बायांची सोंगंही बाप्येच घेत आले, त्यामुळे कुरकुर झालीच. भाऊंनी तर एका वाक्यात निकाल लावला, "ती तरी, नाई तं मी तरी."

मी त्यांच्या घरी गेलो. तासभर विनवण्या केल्या, व्यर्थ. शेवटी आतून त्यांची बायको चमेलीबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "तिनं तुमची नक्कल केली, तुमी तिची करा. का जमत नाई?"

"जमत नाई म्हणजे? चाळीस वर्सं रोवणी पाहून राहिलो मी!"

गडी अडकला. मी चहा अर्धा टाकून पळालो, त्यांचं मन बदलायच्या आत.

मंडईच्या दिवशी मांडवात दोन टोले दोन बाजूंना बसले होते, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. रुख्मा धोतर नेसून, काजळाची मिशी काढून, छत्री घेऊन आली. भाऊ चमेलीबाईंच्या लुगड्यात, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, नावाने गवताची पेंढी. नुसतं पाहूनच लोक लोळायला लागले. भाऊ वाकले आणि ऐटीत रोवत पुढे निघाले.

पुढे! सोळा बाया एकदम उठल्या. "मांगं सरका जी, मांगं! रोवलेलं खुंदून राहिले ना!"

चाळीस वर्षं धुऱ्यावर उभं राहून पाहिलेली रोवणी माणसाने पायाखाली तुडवली. भाऊंचा कान लाल झाला. ते मागे फिरले, पुन्हा वाकले. रुख्मा छत्रीखालून ओरडत होती, "ए बाई, कंबर कायले सरळ करते?" थोड्या वेळात भाऊंचे पाय थरथरायला लागले. ते सोंग नव्हतं.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने चमेलीबाई उभी राहिली. "रुख्मा, अर्धंच करून राहिली व तू! पऱ्हे उपटल्यावर पावसानं दडी मारली तं हे माणूस जेवत नाई. आभायाकडे पाहत बसते. तेबी कर ना!"

रुख्माला हे ठाऊक नव्हतं. तिने छत्री मिटली. मान वर करून ती मांडवाच्या फटीतून आकाशाकडे बघत राहिली, हळूहळू खाली बसली आणि समोरचं ताट सारावं तसा हात सारला. कोणी हसलं नाही. माझी पेटी केव्हा थांबली ते मलाच कळलं नाही.

भाऊ तिच्याकडे बघत होते. मग लुगड्याचा पदर सावरून ते तिच्यापुढे आले आणि त्यांनी हात जोडले. हे मी लिहिलेलं नव्हतं.

"मालक," भाऊ म्हणाले, "माया तोंडानं चूक झाली. पुढच्या सालीबी आमच्या टोळीले बलावजा जी."

रुख्मा उठली, मिटलेली छत्री तिने पुन्हा उघडली. मग ती खाकरली, अगदी त्यांच्यासारखी.

"बलावीन. सतराच्या सतरा. पण तोंड बंद नोको ठेवू, रुख्मे. चूप बायांचा हात धीमा चालते."

"होय जी, मालक," भाऊ म्हणाले.

त्यावर जो हशा उठला, त्यात दोन्ही टोल्यांची माणसं मधल्या मोकळ्या जागेत कधी आली ते समजलं नाही. भाऊ लुगड्यात पाय अडकून पडले, त्यांना उचलायला त्या सोळा जणीच धावल्या.

रुख्मा मात्र मांडवामागे जाऊन बसली होती. रडून रडून मिशी हनुवटीपर्यंत ओघळली होती. मी चिडलो. "आता कायले रडून राहिली? झालं ना तुझ्या मनासारखं?"

"गुरुजी," ती म्हणाली, "साऱ्या म्हणत होत्या, जा, हात जोड. मी मेली असती पण गेली नसती. माया जागी तेच जाऊन आले, हात जोडून."