पाहुणे येणार म्हणून बंद केलेल्या गोळ्या

नव्वद साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. माझा धाकटा दीर उल्हासनगरात कॅम्प चारला पँट शिवायच्या कारखान्यात कापडाचं कटिंग करायचा. जवळ कोणी नसताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. आवाज शिव्या द्यायचे, हा उलट उत्तरं द्यायचा. अंघोळ सोडली. रेडिओवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतो म्हणून रेडिओ गोधडीत गुंडाळून ठेवला.

घरात शहाण्यांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरची बाधा आहे." माझा नवरा म्हणाला, "आळस भरलाय अंगात." दोन भगत झाले, तीन कोंबड्या गेल्या, आवाज होते तिथेच. शेवटी कारखान्याचा सिंधी शेठ मला म्हणाला, "भाभी, भूत-वूत कुछ नहीं है. दिमाग के डॉक्टर को दिखाओ."

अंबरनाथ पूर्वेच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मला ते तेव्हा म्हणता येईना, पण बाकीचं कळलं. आजार मेंदूचा आहे. आवाज त्याला खरोखर ऐकू येतात, रागावून किंवा समजावून ते जात नाहीत. गोळ्या रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी. दोन महिन्यांत आवाज मागे हटले, तो कामावर जाऊ लागला. फक्त गोळ्यांनी हात थरथरायचे आणि डोळ्यांवर झापड असायची.

एवढ्यात खरवईचं स्थळ आलं. मुलीकडचे घर बघायला येणार ठरताच सासूबाईंनी गोळ्या फडताळात कुलपात टाकल्या.

"त्यांच्यासमोर कपबशी वाजली तर काय सांगायचं?"

"आजार आहे असं सांगायचं."

"चौथी शिकलीस आणि डॉक्टरीण झालीस का गं?"

माझा नवरा पेपर वाचत बसला. अशा वेळी त्याला पेपर फार आवडायचा.

पाहुणे आले तोवर गोळ्या बंद होऊन दहा दिवस झाले होते. हात स्थिर, डोळ्यावरची झापड गेलेली, बोलणं नीट. स्थळ पक्कं झालं. सासूबाई आळीभर सांगत सुटल्या, "गोळ्यांनीच पोराला वेडा केला होता!" गोळ्यांचा असर अंगातून उतरायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट. पण पेढे वाटणाऱ्याला कोण सांगणार?

गोळ्या बंद झाल्यापासून तिसऱ्या आठवड्यात त्याने माझ्या हातचं जेवण सोडलं. म्हणाला, "वहिनी, आवाज सांगतात, तू विष घालतेस." मी त्याच्या ताटातला घास खाऊन दाखवला. तो म्हणाला, "तू आधीच विषावरचं औषध घेतलं असशील." दोन दिवस तो नळाच्या पाण्यावर होता. आणि सासूबाई म्हणे, "लग्न झालं की बायको भरवील."

मी बस धरून खरवईला गेले आणि मुलीच्या बापाला सगळं सांगितलं.

"तुमच्या घरचं तुम्हीच सांगता?"

"मग तुम्हाला लग्नानंतर कळायला हवं होतं का?"

लग्न मोडलं. सासूबाईंनी मला घरबुडवी म्हटलं, नवऱ्याने पेपर बाजूला ठेवून शिव्या दिल्या. मी फडताळाचं कुलूप बत्त्याने फोडलं आणि शेठला बरोबर घेऊन दिराला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर चिडले. हाताची थरथर थांबवायची वेगळी गोळी असते म्हणाले. इतक्या महिन्यांत आमच्यापैकी एकानेही त्यांना विचारलं नव्हतं, त्यात मीही आले.

या वेळी आवाज मागे हटायला चार महिने लागले. कटिंगची जागा दुसऱ्याने घेतली होती, शेठने दिराला धागे कापायला बसवलं. तेव्हापासून गोळी मी माझ्या हाताने देते आणि त्याने गिळेपर्यंत समोरून हलत नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की मीच त्याचं लग्न होऊ दिलं नाही. खरंच आहे. नाहीच होऊ दिलं.