आठ कपांची पंगत

चिनी नवं वर्ष जवळ आलं की क्वायमावशीच्या तोंडातून काही शब्द हद्दपार होतात. 'संपलं' म्हणायचं नाही. 'फुटलं', 'रिकामं', 'गेलं' म्हणायचं नाही. चार हा आकडा तर तिच्या गावीच नाही, तिच्या भाषेत तो मरणासारखा ऐकू येतो, म्हणून तीननंतर थेट पाच. सोयासॉसची बाटली तळाला लागली तर म्हणायचं, "बाटली जरा आराम करतेय, दुसरी आणा." एवढे शब्द वजा करूनही ही बाई सकाळी दहापासून अखंड बोलत असते, म्हणजे बघा.

क्वालालंपूरच्या वाह लोक स्टोअरच्या तळघरात फूड हॉल आहे. सणाआधी तीन आठवडे तिथे चाखायला देणारे आठ काउंटर लागतात. कागदी कपात दोन घास, एक लाकडी काडी आणि वर फुकटची शुभेच्छा. आवडलं तर घरच्या मोठ्या जेवणासाठी ऑर्डर नोंदवा. मावशीचा काउंटर माशाचा. अख्खा वाफवलेला मासा, वर आलं, कांद्याची पात आणि कडकडीत तेल. एकोणीस वर्षं ती त्याच जागी उभी आहे, लाल एप्रन, कुरळे करून काळे केलेले केस आणि मनगटात कधीच न निघणारी हिरवी बांगडी.

माणसाचं तोंड बघून शुभेच्छा द्यावी ती मावशीनेच. परीक्षेला बसलेली मुलगी आली की, "खा ग बाई, आणि अशी उडी मार की मास्तरांची मान दुखली पाहिजे!" दुकानदार आला की, "गल्ला ओसंडू दे काका, झाकण लागायला नको." नवं लग्न झालेलं जोडपं आलं की ती काय म्हणते ते मी लिहीत नाही, पण बायको पळते आणि नवरा दुसरा कप मागतो.

नियमांची मात्र पक्की. कप जोडीनेच द्यायचे. एक बाजू खाऊन झाली तरी मासा उलटायचा नाही, होडी उलटते म्हणे. एका नव्या मुलीने दोन वर्षांपूर्वी भर गिऱ्हाइकांत मासा पालथा केला, तर मावशीने तिला तिथल्या तिथे पलीकडे पापड विकायला पाठवून दिलं. "पापड कसाही पालथा कर," म्हणाली, "तिथे कुणाची होडी नाही."

घरी तर या नियमांना आणखी धार. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सगळं घर एका टेबलाशी जेवतं. त्या टेबलावर सासरी गेलेल्या मुलीने बसायचं नाही. बसली तर भावाच्या नशिबातलं खाते. मुलींचा दिवस नव्या वर्षाचा दुसरा. त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला घेऊन, संत्री घेऊन माहेरी यावं आणि पोटभर जेवावं. आता पुष्कळ घरांत हे कुणी पाळत नाही. मावशीच्या घरात पाळतात, कारण मावशी पाळते.

आणि नेमकी तिचीच मुलगी, सूक येन, ऑगस्टमध्ये नवऱ्याला सोडून आली. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, भाड्याच्या खोलीत राहते. शेवटच्या आठवड्यात तिचा फोन आला.

"आई, त्या संध्याकाळी मी कुठे जेवू?"

"दुसऱ्या दिवशी ये ना. सगळ्या मुली दुसऱ्या दिवशीच येतात."

"त्या जावयाला घेऊन येतात. मी कुणाला आणू, घरमालकाला?"

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. थोरला मुलगा किन होंग एसी दुरुस्त करतो. दोन वर्षं धंदा बसला होता, आता कुठे सहा महिने नीट चाललं होतं. त्याच्या ताटातलं नशीब उष्टं झालं तर? पण पोटची पोर भाड्याच्या खोलीत एकटी नूडल्स उकळणार, हेही तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मी डबा पाठवते," शेवटी ती म्हणाली. "सगळं घालते. मासासुद्धा."

"डबा नको आई," सूक येन म्हणाली आणि फोन ठेवला.

सून पुई सान मोठी सालस. तिने रात्रीची भांडी पुसता पुसता विचारलं, "खुर्च्या किती मांडू, आई? पाच की सहा?" मावशी म्हणाली, "पाच. नेहमीच्याच." पण म्हणताना तिने सुनेकडे बघितलं नाही.

'डबा नको' हे मावशीला का झोंबलं, ते सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी तिची थोरली नणंद यूत हो फाटकाशी येऊन उभी राहिली होती. नवरा दुसरी करून जोहोरला निघून गेला होता, मूलबाळ नव्हतं, हातात एक वाळवलेलं बदक होतं. सासू वारलेली, त्यामुळे घराच्या किल्ल्या क्वायच्या कमरेला आणि किन होंग वर्षाचा, तिच्या कडेवर. तिने फाटक उघडलं नाही. आत गेली, तीन पुडांचा डबा भरला आणि गजांमधून पुढे केला. "घ्या वन्सं, गरम आहे, सांभाळून." तिचा नवरा आत बसून रेडिओचा आवाज वाढवत राहिला. यूत होने डबा घेतला, बदक फाटकाला अडकवलं आणि गेली. दुसऱ्या दिवशी घासून लख्ख केलेला डबा शेजाऱ्यांकडे आला.

एवढं करून नशीब तरी शाबूत राहिलं म्हणावं, तर त्याच वर्षी नवऱ्याची स्कूटर चोरीला गेली आणि तो दुसऱ्याच्या स्कूटरवरून पडून पाय मोडून घेऊन आला. मावशी त्यावर म्हणायची, "वन्सं आत आल्या असत्या तर दोन्ही पाय मोडले असते." अशा माणसाशी वाद कोण घालणार!

यूत हो आता एकाहत्तर वर्षांची आहे. नंतर दोघींचं येणंजाणं सुरू झालं, लग्नं-बारशी झाली, टोमण्यांची देवाणघेवाण झाली, पण त्या फाटकाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. दर वर्षी शेवटच्या दिवशी ती फूड हॉलमध्ये येते, सगळे काउंटर फिरून फुकटचं खाते आणि मावशीकडे मासा मागते. मावशी मनातून चिडते. एक तर या बाईने आजवर एकदाही ऑर्डर दिलेली नाही. त्यात चांगला दोन घासांचा मासा, त्यातला एक घास खाऊन उरलेला कपात तसाच ठेवते. "वन्सं, इतका काय चोखंदळपणा? काटा तरी चोखला असतात!" असं मावशीने तोंडावर म्हणून झालंय. यूत हो नुसती हसते.

या वर्षीही शेवटचा दिवस उजाडला. दुकान त्या दिवशी लवकर बंद होतं, चारला. मावशी सांगते, "पाचाच्या एक तास आधी." हॉलमध्ये ही गर्दी. लोक लाल पिशव्या छातीशी धरून धावत होते, आणि मावशी कप वाटत होती. पण शुभेच्छांचा नेम आज चुकत होता. एका सत्तरीच्या आजोबांना तिने भरल्या पाळण्याचा आशीर्वाद दिला. आजोबा खूश झाले, आजींनी त्यांना ओढत नेलं.

अडीचच्या सुमारास तिचं लक्ष समोरच्या टोकाला गेलं. कच्च्या माशाच्या कोशिंबिरीचा काउंटर. जितकी उंच तितकी भरभराट, म्हणून लोक काड्यांनी कोशिंबीर उडवत ओरडत होते, आणि त्यांत यूत हो होती. तिच्या शेजारी काडी धरून सूक येन उभी होती.

मावशीला राग आला. इथे यायचं, माझ्या नाकासमोर तमाशा करायचा!

शेजारच्या काउंटरवर चुंगकाका डुकराच्या पायाचे लालभडक मऊ तुकडे कापत होते. मावशी त्यांच्याकडे वळली. "बघितलंत? आमच्या वन्संनी आता माझ्या पोरीलाही फुकट खायची चटक लावली."

चुंगकाकांनी सुरी खाली ठेवली. "फुकट? क्वाय, तू खरंच बोलतेस की थट्टा करतेस?"

"थट्टा कसली? दर वर्षी बघते मी."

"काय बघतेस? अगं, ती आधी कोशिंबीर घेते. मग वाळवलेलं बदक. मग कालवं, मग कोळंबी. मग माझ्याकडे. मग कोंबडी, मग तुझा मासा, शेवटी गोड. एकही काउंटर चुकवत नाही, मागेपुढे करत नाही. आम्ही तिच्यासाठी चांगला तुकडा बाजूला काढून ठेवतो. घरचं वर्षअखेरचं जेवण आहे ते तिचं. एकोणीस वर्षं झाली. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुला ठाऊक नाही?"

मावशीच्या हातातला डाव तसाच राहिला.

आणि मग तिला वन्संचा तो अर्धा उरलेला कप आठवला. वर्षअखेरच्या टेबलावरचा मासा कुणी पुरता खात नाही. थोडा उरलाच पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षाला पुरतं. दर गिऱ्हाइकाला हे ती स्वतः सांगत आली होती. दोन घासांतला एक घास ठेवणाऱ्या बाईला मात्र चोखंदळ म्हणाली होती, तेही एकोणीस वेळा.

दोघी पुढे सरकत होत्या. बदक. कालवं. कोळंबीपाशी आत्या काहीतरी बोलली आणि सूक येन हसली. किती दिवसांनी ती पोर हसताना दिसली! चुंगकाकांनी दोघींना दोन-दोन तुकडे दिले आणि म्हणाले, "या वर्षी पंगत वाढली वाटतं." कोंबडीवाल्या बाईने तर मांडीचा तुकडा काढला. मग त्या मावशीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दोन कप," यूत हो म्हणाली. "जोडीनेच देतेस ना?"

सूक येन आईकडे न बघता काडी फिरवत राहिली.

मावशीने दोन कप उचलले आणि परत ठेवून दिले. "मासा मिळणार नाही."

"का ग? समोर अर्धा पडलाय."

"हा गिऱ्हाइकांचा आहे. तुमचा घरी आहे. सहा वाजता."

सूक येनने मान वर केली. "आई, काहीतरी बोलू नकोस. दादाचं नशीब..."

"तुझ्या दादाचं नशीब बहिणीने दोन घास खाल्ल्याने बुडत असेल, तर असलं दळभद्री नशीब ठेवून तरी काय करायचंय!" मावशी इतक्या जोरात बोलली की रांगेतली माणसं मागे सरली. सणाच्या दिवशी, भर हॉलमध्ये, क्वायमावशीच्या तोंडी 'बुडणं' आणि 'दळभद्री'! कोंबडीवालीने घाईने टेबलाच्या लाकडाला हात लावला.

"मी काय म्हणते, क्वाय," यूत हो शांतपणे म्हणाली, "माझे सहा कप झालेत. पोट भरत आलंय. या वयात दोनदा जेवायची सवय नाही मला."

"चुकले मी, वन्सं," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि नाक पुसायला कोरडा हात नव्हता. "तीस वर्षं चुकले. फाटक उघडायला हवं होतं."

"आजच्या दिवशी असले शब्द बोलू नयेत," यूत हो म्हणाली. "अपशकुन होतो." आणि सूक येनचा हात धरून ती चालू लागली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

मावशीने तेलकट हातानेच सुनेला फोन लावला. "पुई सान, खुर्च्या सात."

"सात?" पुई सानने विचारलं. "सहावी मी सकाळीच मांडून ठेवलीय, आई. सातवी कुणाची?"

"आत्याची. आणि फाटकाचं कुलूप काढून आत आणून ठेव, मला दिसायला नको."

संध्याकाळी मासा टेबलावर आला, डोकं दाराकडे, यायच्या मानाच्या पाहुणीकडे करून. सूक येन साडेपाचलाच आली, स्वयंपाकघरात शिरली आणि वहिनीशी आल्याच्या कापांवरून वाद घालू लागली. किन होंगने बहिणीला एवढंच विचारलं, "एवढा उशीर? भुकेने मेलो इथे." आईने त्याला 'मेलो' म्हटल्याबद्दल पाठीत एक धपाटा घातला.

सहा वाजले, सव्वासहा झाले. मावशी दर दोन मिनिटांनी पडवीत येत होती. फाटकाची एक झडप सताड उघडी होती. साडेसहाला रस्त्याच्या वळणावरून यूत हो हळूहळू येताना दिसली. हातात दोन कागदी कप, वर दुसरे दोन पालथे घातलेले. आठव्या काउंटरवरचं गोड, तळलेला चिकट तांदळाचा केक.

फाटकाशी येऊन ती थांबली. उघड्या दारातून आत आली नाही. बाजूच्या बंद झडपेपाशी, तीस वर्षांपूर्वी उभी होती तिथेच उभी राहिली, आणि गजांमधून कप आत सरकवले.

"घे क्वाय," ती म्हणाली. "गरम आहे, सांभाळून."

कप केव्हाच गार झाले होते. मावशीने ते दोन्ही हातांनी घेतले.

"वन्सं, पुरे झालं छळणं," ती म्हणाली. "आत या, मासा निवतोय."

यूत हो बंद झडपेला वळसा घालून आत आली आणि पायरीशी तिने चपला काढल्या.