एका नावाच्या किती जणी

ती जन्मली तेव्हा त्या नावाची लाटच आली होती. शाळेत बाईंनी हाक मारली की पाच वेण्या एकदम वळायच्या. पुढे शिलाईच्या कारखान्यात लागली, तर तिथेही तिघी. देखरेखीवरची बाई वैतागली आणि तिनं कामावरूनच नावं पाडली: एक कॉलर, एक काज आणि ही बटण. कोणी खऱ्या नावानं हाक मारलीच तर ही मानही वर करायची नाही. "मला नसेल," म्हणायची. बहुतेकदा नसायचीच.

मशिनं दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकनं तिच्याशी लग्न केलं, तेही बटण म्हणूनच. भांडण झालं की तो "अहो बटणबाई" म्हणायचा आणि भांडण तिथंच विरून जायचं. तो गेल्यावर मग ती आई, आजी, दुकानदाराची मावशी एवढीच उरली.

उतारवयात डोळ्यात मोतीबिंदू झाला. मुलानं दवाखान्याच्या दाराशी सोडलं आणि तो गाडी लावायला गेला. नर्सनं नाव पुकारलं. ही बसूनच. समोरच्या बाकावरची एक जाडसर बाई मात्र धडपडत उठली. नर्सनं आडनावासकट पुन्हा पुकारलं तेव्हा कुठं ही उठली.

"आजी, तुमच्या काळी बाकीची नावं संपली होती का?"

"संपली नव्हती गं. हे घाऊक भावात मिळत होतं."

सगळा बाक हसला. ती जाडसर बाई सोडून.

आतल्या खोलीत दोघींच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना शेजारी बसवलं. ती बाई पिशवी उचलून उठायलाच लागली.

"मी नाही करून घेत. मी चालले घरी."

"घरी कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग तिथं जाऊन काय दिसणार आहे?" असं म्हणत हिनं तिचा हात धरला आणि तिला नावानं हाक मारली. हळूच, लहान मुलीला मारावी तशी.

हाक मारली आणि तेच नाव स्वतःशीच पुन्हा पुटपुटली. इतकं मऊ होतं हे नाव? आयुष्यभर तिला ते चारचौघींनी वापरलेल्या टॉवेलसारखं वाटलं होतं. पण आईनं ते आवडलं म्हणूनच ठेवलं असणार. पाळण्याशी वाकून असंच हळू म्हणून पाहिलं असणार. तेच नाव आणखी चार आयांना आवडलं, यात तिच्या आईचा काय दोष?

डॉक्टर आले तेव्हा तिनं बजावलं, "आधी माझं करा. माणूस धड परत येतं, हे हिला बघू दे."

थोड्या वेळानं ती डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली आणि म्हणाली, "बघ. आहे ना सगळी जागच्या जागी?" ती बाई रडता रडता हसली आणि मुकाट्यानं आत गेली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"अगंबाई, किती म्हातारी आहेस गं तू!" जाडसर बाई म्हणाली.

"आणि तुझ्या हनुवटीवर केस आहेत. चल, चहा पिऊ."

मुलगा गाडी घेऊन दाराशी आला, तर दोघी हातात हात घालून रस्ता ओलांडत होत्या.